पाण्याचा रंग

"जांभळं," असं म्हणून नजमाबायनं बाटली टेबलावर ठेवली.

तिनं सांगायची गरज नव्हती. शेडमधल्या सगळ्यांना ते दिसत होतं. मत्स्य खात्याचे तोरसकर साहेब पुढे झाले, चष्मा पुसून परत डोळ्यांवर चढवला आणि बाटली खिडकीच्या उजेडात धरली. रंग होता तसाच होता, पिकलेल्या जांभळाच्या सालीसारखा.

"तिसरी खेप ना ही?" त्यांनी विचारलं.

"तिसरी," ती म्हणाली.

दारात वाडीतल्या बायका उभ्या होत्या. सगळ्यांच्या पुढे माझ्या बायकोची थोरली बहीण, भागीरथीआक्का. ती म्हणाली, "जावई जेवले आणि झोपले."

एरवी या वाक्याला हशा व्हायचा. त्या दिवशी कोणी हसलं नाही.

या गोष्टीला आता अकरा वर्षं झाली. त्या बाटलीत काय होतं ते आधी सांगतो, म्हणजे पुढचं कळेल.

आमच्या भाटखोलच्या खाडीत ओहोटी लागली की बायका चिखलात बसून तिसऱ्या, म्हणजे बारीक शिंपले, काढतात. वाडीचं पोट त्यावरच. त्या दिवसाच्या तीन वर्षं आधी, डिसेंबरात, त्या तिसऱ्यांत विष उतरलं. पाण्यात कधी कधी एक बारीक शेवाळ वाढतं. शिंपले ते खातात, त्यांना काही होत नाही, पण विष त्यांच्या मांसात साठून राहतं. शिजवलं तरी ते जात नाही. वाडीतली अकरा माणसं आजारी पडली. दहा बरी झाली. अकरावी माझी बायको, द्वारका. दुपारी जेवून उठली तेव्हा तिचे ओठ बधिर झाले होते. मग हात गेले. तालुक्याच्या दवाखान्याच्या पायऱ्या चढवेपर्यंत श्वास थांबला. तो सोमवार होता. सोमवारी मी मासे खात नाही, म्हणून मी राहिलो.

खाडीवर बंदी आली. बायका टेम्पोत बसून काजूच्या कारखान्यात जायला लागल्या. ज्यांना कारखान्यानं घेतलं नाही त्या घरी बसल्या. द्वारका गेल्यापासून आक्का माझ्याशी बोलत नव्हती. रस्त्यात समोर आलो तर खाली बघून जायची. फारच गरज पडली तर तिसऱ्या माणसाला सांगायची, त्यांना सांग म्हणून. मी कारण विचारलं नाही. कारण मला ठाऊक आहे असं मी धरून चाललो होतो.

अशात नजमा होडेकर आली. रत्नागिरीची. आई डोक्यावर पाटी घेऊन मासे विकायची, आणि ही शिकून डॉक्टर झालेली, माणसांची नव्हे, जंतूंची. तिनं दोन जातीचे जंतू तयार केले होते. पहिले नुसते हुंगणारे. तिसरी कुटून त्यांच्या बाटलीत टाकली की तासाभरात, विष असेल तर पाणी जांभळं, नसेल तर जसंच्या तसं. दुसरे खाणारे. ते टाकीतल्या पाण्यात सोडायचे, तिसऱ्या ते पाणी आत ओढतात, त्याबरोबर जंतू आत जातात आणि आतलं विष मोडून टाकतात. तीन दिवसांत तिसरी स्वच्छ.

मी होड्यांचा सुतार. मला तिनं माझ्याच भाषेत समजावलं. जुन्या होडीची एक चांगली फळी काढून तुम्ही दुसऱ्या होडीला बसवता ना काका, तसंच हे, म्हणाली. कुठल्याशा जंतूला हे विष पचवता येत होतं, पण तो खाऱ्या पाण्यात जगत नव्हता. तिनं त्याच्यातला तेवढाच तुकडा काढून खाऱ्या पाण्यातल्या जंतूला बसवला. मी विचारलं, सांधा गळत नाही ना? ती हसली. म्हणाली, गळू नये म्हणून चार वर्षं गेली.

आणखी एक गोष्ट तिनं केली होती. ते जंतू फक्त तिच्या एका पांढऱ्या पुडीवर जगायचे. पुडी नाही मिळाली तर तासाभरात खलास, म्हणजे चुकून खाडीत गेले तरी तिथं राहणार नाहीत. ती पुडी उकळून गार केलेल्या खाडीच्या पाण्यात कालवायची, रात्रभर मुरू द्यायची आणि सकाळ-संध्याकाळ कोमट करून टाकीत सोडायची. हे काम मी मागून घेतलं. दोन वेळा कोमट खाणं आणि काम शून्य, म्हणून बायकांनी त्या जंतूंचं नाव जावई ठेवलं. आक्का तर नजमाबायला विचारायची, तुझ्या जावयांना कोकम चालतं का ग, की गोडाचंच लागतं?

जेटीजवळच्या बर्फाच्या जुन्या शेडमध्ये तीन निळ्या टाक्या बसवल्या. दोन टाक्यांत जावई, तिसरीत मुद्दाम काहीच नाही, ताडून बघायला. खात्यानं तीन खेपांची परवानगी दिली होती. तिन्हींत एकही साधली नाही तर शेड बंद, आणि खाडीवरची बंदी कायमची.

दोन खेपा वाया गेल्या होत्या. नजमाबायच्या प्रयोगशाळेत तेच जंतू, तीच पुडी, आमच्याच खाडीचं पाणी, आणि तिसऱ्या स्वच्छ. इथं आणलं की दुसऱ्या दिवशी जंतू मेलेले. ती रोज काहीतरी नवं तपासायची. पाण्याचा खारटपणा, उन्हाची तिरीप, टाकीचं फायबर. तिचे डोळे खोल गेले होते. तिच्या वरिष्ठांचा फोन आला की ती शेडच्या मागे जाऊन बोलायची आणि परत आली की आपलं काही झालंच नाही असं दाखवायची.

आणि आता ही तिसरी खेप.

साहेबांनी पिशवीतून छापील कागद काढला. "मॅडम, हे लिहायची मला हौस नाही," ते म्हणाले. "पण तीन म्हणजे तीन."

"लिहा," नजमाबाय म्हणाली. "माझंच कुठंतरी चुकलंय. बाहेर ते जगत नाहीत, एवढं खरं."

साहेब लिहायला बसले. टेबल लहान होतं आणि त्यावर कडेला मी सकाळचं भांडं ठेवलं होतं. कागदाला जागा करायला त्यांनी ते सरकवलं. तांब्याचं घंगाळ. रोजच्या घासण्यानं आरशासारखं झालेलं.

आक्काचं लक्ष तिकडे गेलं. ती दारातून दोन पावलं आत आली.

"हे द्वारकीचं घंगाळ," ती नजमाबायला म्हणाली. "हे इथं कसं?"

"काका यात जंतूंचं खाणं कालवतात," नजमाबाय म्हणाली. तिला तोवर त्यात काही वाटलं नव्हतं. ती सकाळी यायच्या आधी आणि संध्याकाळी गेल्यावर मी कोमट खाणं टाकीत सोडायचो. भांड्याकडे तिनं कधी बघितलंच नसावं. तिनं मला दिलेली प्लास्टिकची बादली शेडच्या खुंटीला टांगलेली होती.

"खारं पाणी घालतात ह्याच्यात?" आक्का म्हणाली. "द्वारकी घालू देत नव्हती. एकदा मी तिच्याकडे राहायला आले होते, तेव्हा तिसऱ्या ह्याच्यात भिजत घातल्या, वाळू सुटायला. सकाळी बघतो तर सगळ्या तोंडं उघडून मेलेल्या. आठ दिवस माझ्याशी बोलली नाय. तिसऱ्यांसाठी नाय, घंगाळ हिरवं पडलं म्हणून."

मला ते सगळ्यांच्या आधी कळलं. कळायलाच पाहिजे होतं. तीस वर्षं मी होड्यांच्या बुडाला जो लाल रंग लावत आलो, त्यात तांबं असतं. कशासाठी लावतात? बुडाला शेवाळ धरू नये, शिंपले चिकटू नयेत म्हणून. तांबं खाऱ्या पाण्यात उतरतं आणि तिथं काही जगू देत नाही. हे मी गिऱ्हाइकांना शंभर वेळा सांगितलं असेल. आणि रोज सकाळी घंगाळाच्या कडेला हिरवट रेघ दिसायची, ती मी चिंच लावून घासून काढत होतो. भांडं लख्ख झालं की मला बरं वाटायचं. द्वारकेचा हात या कामाला लागतोय असं वाटायचं.

साहेबांचं पेन चाललं होतं. आक्का बोलून मागे सरली होती. तिला तिच्या बोलण्याचा अर्थ लागला नव्हता, नजमाबायचं लक्ष कागदाकडे होतं. गप्प बसायला मला काहीच करावं लागत नव्हतं. एकदा मी असाच गप्प बसलो होतो.

"साहेब, लिहू नका," मी म्हणालो. "जंतू चांगले आहेत. मी मारले त्यांना."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी घंगाळावर हात ठेवला आणि सगळं सांगितलं. बादली वापरली नाही, पहिल्या खेपेपासून हेच वापरलं, कडेला हिरवं धरत होतं ते कोणाला न दाखवता घासत होतो, असं सगळं.

नजमाबाय उठली. तिनं काचेचे दोन ग्लास घेतले, दोन्हींत पेटीतले ताजे जंतू सोडले. एकात घंगाळातलं पाणी घातलं, दुसऱ्यात बादलीत नव्यानं कालवलेलं. मग बसून राहिली. आम्हीही बसलो. बराच वेळ गेला. शेवटी तिनं दोन्हींतला एकेक थेंब काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शक दुर्बिणीखाली बघितलं, आणि उठून मला म्हणाली, "बघा."

मी बघितलं. एका काचेवर बारीक काड्यांची नुसती धावपळ, जत्रा भरल्यासारखी. दुसऱ्या काचेवर तशाच काड्या, पण एकही हलत नव्हती.

"मी तुम्हाला बादली दिली होती काका," ती म्हणाली. आवाज चढवला नाही तिनं, चढवला असता तर बरं झालं असतं. "सात महिने मी स्वतःला खातेय. माझ्या आईला सांगून बसले होते की मला हे जमत नाही. का नाही वापरली बादली?"

"संडासात ठेवतात तसली होती ती," मी म्हणालो. "देवाचं काम वाटत होतं मला. आणि हे तिचं होतं."

तिनं तोंड फिरवलं. मग साहेबांना म्हणाली, "या तिन्ही खेपांत माझे जंतू तपासलेच गेले नाहीत. तांबं तपासलं गेलं."

साहेबांनी कागदाकडे पाहिलं. अर्धा भरला होता. त्यांनी तो दुमडला आणि खिशात घातला.

"परवानगीची मुदत शनिवारपर्यंत आहे," ते म्हणाले. "आज बुधवार. बुधवारीच लिहून दे असं मला कोणी सांगितलेलं नाही. शनिवारी संध्याकाळी येईन." दारात जाऊन ते थांबले. "ते घंगाळ मात्र घरी न्या हो."

टाक्या रिकाम्या करून घासायच्या होत्या, तांब्याचा अंशही राहायला नको म्हणून. बायका नमुन्याच्या तिसऱ्या काढायला ओहोटीत उतरल्या. त्या हंगामातही खाडीत विष आलेलंच होतं, त्यामुळे हव्या तशा तिसऱ्या मिळणार होत्या. नजमाबाय नवं पाणी उकळायला बसली. आक्का मात्र शेडमध्येच राहिली. एक काथ्या घेऊन ती टाकीत उतरली आणि घासायला लागली. मी दुसऱ्या टाकीत होतो. दोघांच्या मध्ये फायबरची भिंत, कमरेएवढी.

तळ घासून मी कडेपाशी आलो. मग मीच बोललो. एकदा तोंड उघडलं होतं, ते परत मिटवेना.

"आक्का, त्या डिसेंबरात खाडीचं पाणी लाल झालं होतं. माझ्या धक्क्यापाशी. मी चार दिवस आधी बघितलं. मी बाळूची होडी रंगवली होती, मला वाटलं माझाच रंग उतरलाय, भरती येईल आणि जाईल धुऊन. मी कोणाला सांगितलं नाही. द्वारकेलाही नाही. ते शेवाळ होतं, हे मला नंतर कळलं."

पलीकडचा काथ्या थांबला.

मी पुढे बोललो, की तुम्ही माझ्याशी बोलत नाही त्यात तुमचं काही चुकत नाही. तिला मी मारलं असंच मीही धरतो.

आक्का टाकीच्या कडेला धरून उभी राहिली. तीन वर्षांत पहिल्यांदा तिनं माझ्याकडे बघितलं.

"मी पण बघितलं होतं लाल पाणी," ती म्हणाली.

मला कळेना ती काय म्हणते.

"द्वारकीच म्हणाली, आक्का, आज पाणी बघ कसं दिसतंय, परत जाऊया का. मी म्हटलं, तुझ्या नवऱ्यानं होडी रंगवली असेल, चल उतर. मी उतरले म्हणून बायका उतरल्या. तुम्हाला तोंड कसं दाखवू, म्हणून बोलत नव्हते मी."

आम्ही दोघं तसेच उभे राहिलो, आपापल्या टाकीत, हातात काथ्या घेऊन. मग ती खाली वाकली आणि घासायला लागली. मीही लागलो. आवाज दोन्हीकडून एकदमच येत होता.

त्या खेपेला मी खाणं बादलीत कालवलं. नजमाबाय प्रत्येक वेळी शेजारी उभी राहायची. विश्वास ठेवते असं ती म्हणाली, पण उभी राहायची. गुरुवारी तिनं प्रत्येक टाकीतली एकेक तिसरी कुटून तीन बाटल्यांत टाकली. तिन्ही जांभळ्या झाल्या. शुक्रवारी दोन बाटल्यांचा रंग उतरला, वांग्याच्या फुलासारखा झाला. तिसरी बाटली, जिच्या टाकीत जावई नव्हते, ती होती तशीच गडद.  त्या दिवशी नजमाबाय आमच्याबरोबर जेवली, आणि दोनदा भात मागून घेतला.

शनिवारी दुपारपासूनच शेड भरली. कारखान्यातल्या बायकांनी सुट्टी टाकली होती. साहेब आले, खुर्चीवर बसले. नजमाबायनं त्यांनाच टाक्यांतून तिसऱ्या निवडायला सांगितल्या. त्यांनी बाह्या वर करून तळाच्या निवडल्या. तिनं कुटल्या, बाटल्यांत टाकल्या, बाटल्या ओळीनं मांडल्या. मग तासभर कोणी जागचं हललं नाही. एका बाईनं खोकला आला तर पदर तोंडात धरला.

तिसरी बाटली आधी बदलली. काठापासून रंग पसरत पसरत पार जांभळी झाली. बाकीच्या दोन तशाच. साहेबांनी घड्याळ बघितलं, आणखी दहा मिनिटं थांबू म्हणाले. थांबलो. मग त्यांनी पहिली बाटली खिडकीत धरली. तिच्यातून मला पलीकडची खाडी दिसली, होड्या दिसल्या, होड्यांचे रंग दिसले.

"पाणी," साहेब म्हणाले. दुसरी धरली. "पाणी."

"जावई कामाला लागले ग," आक्का म्हणाली, आणि मग जो हशा उठला तो जेटीवर ऐकू गेला असेल. कोणीतरी नजमाबायला मिठी मारली. तिच्या हातातला फोन खाली पडला, तो उचलून तिनं आईला लावला आणि एवढंच म्हणाली, "अम्मी, जमलं." पुढचं तिला बोलता येईना, म्हणून फोन आक्कानं घेतला आणि पंधरा मिनिटं तीच बोलत राहिली, ओळख ना पाळख.

जिल्ह्याच्या प्रयोगशाळेनंही त्याच टाक्यांतल्या तिसऱ्या तपासल्या. निकाल सोमवारी आला. निर्धोक. टाकीत तीन दिवस ठेवलेला माल विकायला परवानगी. साहेब तो कागद स्वतः घेऊन आले, वाडीच्या चावडीवर उभं राहून वाचला, आणि वाचून झाल्यावर एका आजीनं त्यांना परत वाचायला लावला.

आज त्या शेडमध्ये आठ टाक्या आहेत. नजमाबाय दुसऱ्या खाड्यांवर असते, दर हंगामात एकदा येते आणि माझी बादली तपासून जाते.

पण मला सांगायचं आहे ते त्या सोमवारचं. दुपारी आक्कानं माझ्या ओसरीवर पाट मांडले. अंगणात घंगाळ ठेवलं होतं, विहिरीच्या पाण्यानं भरलेलं, हात धुवायला. नजमाबाय बसली होती, साहेब बसले होते. आक्कानं माझ्यासमोर ताट ठेवलं. भात, आणि तिसऱ्यांचं सुकं, ओलं खोबरं आणि कोकम घातलेलं. द्वारका करायची तसंच. दोघींना त्यांच्या आईनंच शिकवलेलं होतं.

"काका, आज सोमवार ना?" नजमाबाय हळूच म्हणाली.

आक्कानं मला विचारलं नाही. ती समोर उभी राहिली आणि म्हणाली, "भावोजी, जेवा."

मी एक तिसरी उचलली, शिंपलीतलं मांस ओठांनी काढलं आणि तसाच थांबलो. सगळे माझ्याकडे बघत होते. मी ओठांकडे लक्ष देऊन बसलो होतो.

ओठांना मिरची झोंबली. चांगली झोंबली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"तिखट झालंय का?" आक्कानं विचारलं.

"झालंय," मी म्हणालो. "अजून वाढा."